कडू किनोआ: आधी कोरडा रगडा, मग धुवा

नीमचकडच्या शेतकऱ्याकडून थेट आणलेला किनोआ पाकिटातल्यासारखा धुऊन आलेला नसतो. तसाच शिजवला तर कडूजहर लागतो आणि घरातलं कुणी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. दाणा बिचारा चांगलाच असतो. कडूपणा वरच्या सालीतल्या सॅपोनिनचा; फेस येणारा असाच पदार्थ रिठ्यातही असतो. ह्या कडूपणामुळे पाखरं कणसाला कमी लागतात, म्हणून पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज डोंगरांत कडू वाण राखले गेले.

तिथली जुनी रीत अशी: दाणा हलका भाजायचा, दगडाच्या खोलगट उखळात पायांनी रगडायचा, वाऱ्यावर उफणायचा आणि सगळ्यांत शेवटी धुवायचा. आपल्या इंदूरच्या घरांत बहुधा उलटं होतं, डाळीसारखा रात्रभर भिजत घालतात. मग साल मऊ पडते, रगडून सुटत नाही, कडूपणा आत मुरतो आणि सकाळी दाण्यांना मोड फुटलेले असतात.

किलोभर किनोआ निवडून, बारीक चाळणीने चाळून घ्या. लोखंडी कढईत दोन-दोन वाट्या घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवत राहा. रंग बदलू देऊ नका. पहिला दाणा तडतडला की लगेच परातीत ओता. पूर्ण गार झाल्यावर जाड खादीच्या पिशवीत भरून पाट्यावर तळहातांनी दहा मिनिटं जोर लावून रगडा. वरवंटा नको, दाणे फुटतात. नाकाला रुमाल बांधाच, ह्या भुकटीने शिंकांनी जीव नकोसा होतो. मग गच्चीवर सुपात हलक्या हाताने पाखडा. दाणा इतका हलका की जरा जोर झाला तर कोंड्याबरोबर तोही उडतो.

धुवायचं काम नर्मदेचा नळ येईल त्या दिवशी काढा, पाणी बरंच लागतं. गारच पाणी घ्या. आजी तांदूळ रोळायची तसं रोळा: पातेलं गोल फिरवत वरचा दाणा थोड्याथोड्या पाण्यासकट दुसऱ्या पातेल्यात ओता, वाळू तळाला राहते. पहिल्या पाण्याला साबणासारखा फेस येईल. बारीक गाळणीतून गाळून पाणी बदलत जा. पाच-सात पाणी सहज लागतात. पुरे झालं का, हे असं बघा: चमचाभर दाणे काचेच्या बाटलीत अर्ध्या पाण्यात घालून अर्धा मिनिट हलवा. फेस वर टिकून राहिला तर अजून धुवा, लगेच विरला तर झालं. शेवटी दोन दाणे चावून बघा.

फेसाच्या पाण्याने तिकडे कपडे धुतात. आपल्यालाही चालेल, पण माशांच्या टाकीत किंवा तळ्यात ओतू नका. सॅपोनिनने मासे मरतात.

धुतलेला दाणा सुती पंच्यावर पातळ पसरून पंख्याखाली, नंतर उन्हात वाळवा. जाड थर दिला तर आंबूस वास येतो. डब्यात भरण्याआधी दाताखाली कटकन फुटला पाहिजे.

शिजवताना वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं. दाण्याभोवतीची पांढरी शेपटी सुटली की गॅस बंद करा. अँडीजमध्ये तो घोटून दूध आणि चीज घालून खातात. आपल्याकडे ताक-जिऱ्याची फोडणी छान लागते. घरी पेरलात तर कोवळी पानं खुडून घ्या. किनोआ चाकवताच्याच कुळातला, भाजी तशीच होते.