लॉकडाऊनमधला घरखर्च आणि सरकारी मदत : या चुका टाळा

परवा बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी विषय काढला, "अक्का, परत तसलं काही आलं तर?" पाचच मिनिटांत कळलं, की २०२० मध्ये जिने जी चूक केली ती आज विचारलं तरी तशीच करणार. सोलापुरात आमच्या गटाची वही मी बरीच वर्षं लिहिते. विडी वळणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या, शिलाई मशिनवर बसणाऱ्या बायका. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला, विडी कारखान्यांना कुलपं लागली आणि पुढचे तीन महिने माझा उंबरा म्हणजे चौकशीची खिडकी होऊन बसला. तेव्हा जे पाहिलं ते लिहिते. कुणाला लागलं तर लागू द्या.

जाहीर झालं म्हणजे जमा झालं असं धरणं

२६ मार्चला केंद्र सरकारने मदत जाहीर केली. जनधन खातं असलेल्या बाईला एप्रिल, मे, जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये. उज्ज्वलाच्या जोडणीवर तीन सिलिंडर फुकट. रेशनवर माणशी ५ किलो धान्य. शेतकऱ्याच्या खात्यात २,००० रुपये. संध्याकाळी टीव्हीवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्या जोरावर किराणावाल्याच्या वहीत उधारी चढली. आणि त्यातले ते शेतकऱ्याचे २,००० काही नवे नव्हतेच. पीएम किसानचा एरवीही मिळणारा हप्ता एप्रिलमध्येच दिला, एवढंच. आमच्या गटातल्या एकीच्या दिराने तो दोनदा मोजला होता, एकदा नेहमीचा म्हणून आणि एकदा लॉकडाऊनचा म्हणून.

माझी सवय सांगते, शास्त्र वगैरे काही नाही. वहीच्या डाव्या पानावर 'येणार' आणि उजव्या पानावर 'आलं'. डावं पान पेन्सिलने, उजवं पेनाने. पासबुकात छापून आल्याशिवाय पेन उचलायचं नाही आणि पेनाने लिहिलेल्या आकड्यापलीकडे दुकानात बोलायचं नाही. यावर मला "अक्का, मोबाईलमध्ये ॲप असतं हो" असं सांगणारी पोरं भेटतात. असू दे. त्यांच्या ॲपमध्ये मार्चनंतर एकही नोंद नव्हती, मी बघितलंय.

पाचशे रुपयांसाठी पहिल्याच दिवशी रांगेत

पैसे काढायला खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरले होते. ० आणि १ ला ३ एप्रिल, २ आणि ३ ला ४ एप्रिल, मग ७, ८ आणि ९ एप्रिल. त्यानंतर कधीही. पण तेवढ्यात कुणीतरी उठवलं, की लगेच काढले नाहीत तर सरकार परत घेतं. झालं. उन्हात, तोंडाला पदर लावून, एकमेकींना खेटून दोनशे बायका. कुणीही परत घेणार नव्हतं, सरकारने तसं सांगितलंही होतं. घाईने काय मिळालं? पाय सुजले.

पैसा कोणत्या खात्यात येतो हेच माहीत नसणं

यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण एप्रिलमधली माझी निम्मी दुपार रोज यातच जायची.

आमच्या गटातल्या एकीचं उदाहरण घ्या. उज्ज्वलाचा गॅस. सिलिंडरची किंमत आधी खात्यात येणार, त्यातून सिलिंडर घ्यायचा, असा त्याचा नियम. तिच्या फोनवर मेसेज आला, पैसे जमा. ती बँकेत गेली, पासबुक भरून आणलं, काही नाही. दुसऱ्यांदा गेली. काऊंटरवरच्या माणसाने सांगितलं, गॅसवाल्याला विचारा. गॅसवाला म्हणाला, बँकेला विचारा. तिसऱ्या खेपेला चौकात पोलिसाने अडवलं, तिथून ती रडतच माझ्याकडे आली. "अक्का, माझे पैसे कुणी खाल्ले?"

मी तिच्याच फोनवरून *९९*९९*१# लावला आणि तिचा आधार क्रमांक टाकला. आधारला कोणती बँक जोडली आहे ते त्यावर दिसायचं. आलेलं नाव वाचून ती माझ्याकडेच बघत राहिली. या बँकेत माझं खातं नाही, म्हणे. खातं होतं. तीन वर्षांपूर्वी टपरीवर सिमकार्ड घेताना मशिनवर अंगठा लावला होता, त्याच अंगठ्यात मोबाईलवरचं खातंही उघडलं गेलं होतं आणि आधार त्याला जाऊन चिकटलं होतं. आधारवर येणारा पैसा शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. तुम्ही पासबुक कोणतं उघडून बसलात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गंमत म्हणजे त्या खात्यात गॅसची जुनी सबसिडीही पडून होती, अठराशेच्या वर. तीन वर्षं ती "सबसिडी बंद झाली" म्हणून सरकारला शिव्या देत होती.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पैसे हातात आल्यावर तिने काय केलं? तेल, डाळ, साखर भरली. घरी चूल होतीच. मला कळलं तेव्हा महिना संपत आला होता. पहिला सिलिंडर घेतल्याची नोंद झाल्याशिवाय पुढच्याचे पैसे येत नव्हते, म्हणजे तीनातला एकही तिला धड मिळेना. मी बोलले तिला, जास्तच बोलले. पण खरं सांगायचं तर घरात चार पोरं आणि डब्यात डाळ नाही, अशा वेळी नियम कोण वाचतो? शेवटी गटातून उसने काढून सिलिंडर घेतला, मग पुढचे पैसे आले.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी एकच प्रश्न विचारते, "अंगठा कुठे कुठे लावलास?" सिम, कर्ज, गावातलं बँकेचं सेवा केंद्र, सगळं आठवून सांग. घरात किती खाती आणि आधार कशाला जोडलंय, हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं. सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढले तर पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. 'अंगठा उमटला नाही, परत लावा' म्हणाला की आधी विचारायचं, पहिल्या वेळचे कापले गेले का ते दाखव.

रेशन : अर्धं घेऊन घरी येणं

नेहमीचं धान्य आणि फुकटचं धान्य हे दोन वेगळे हिशेब होते. प्राधान्य कार्डावर पाच माणसं असतील तर नेहमीचे १५ किलो गहू २ रुपयांनी आणि १० किलो तांदूळ ३ रुपयांनी, एकूण ६० रुपये. त्याशिवाय माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो फुकट. म्हणजे घरी ५० किलो यायला हवं. बऱ्याच जणी २५ किलोची गोणी घेऊन खुशीत परत आल्या. वर घरटी एक किलो डाळही होती. संसर्गाच्या भीतीने तेव्हा ग्राहकाचा अंगठा न घेता दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य उचललं जात होतं, त्यामुळे मशिनची पावती हाच एक पुरावा. पावतीवर किलो वाचा. वाचता येत नसेल तर पोराला वाचायला लावा, शाळा बंदच होती.

केशरी कार्डवाल्यांनी तर "आम्हाला काही नाही" म्हणून दुकानाकडे बघितलंच नाही. मे आणि जूनला राज्य सरकारने त्यांना माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी दिला होता. मिळेल ते नाक मुरडून सोडायचं आणि मग बाजारभावाने आणायचं, ही मध्यमवर्गी अक्कल मला कधी कळली नाही.

हप्ता पुढे गेला म्हणजे माफ झाला असं समजणं

ही चूक शिकलेल्यांची. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने थांबवायची मुभा दिली, मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याचा फोन आला. "मावशी, सहा महिने हप्ताच नाही!" पगार पूर्ण चालू, काम घरून. वाचलेल्या पैशांत त्याने भिंतभर टीव्ही घेतला.

मी त्याला कागद-पेन घेऊन बसायला सांगितलं. कर्ज शिल्लक २० लाख, व्याज ९ टक्के, अजून २० वर्षं, हप्ता साधारण १८,००० रुपये. यातलं व्याज किती? महिन्याला १५,०००. म्हणजे हप्ता थांबवला तरी दर महिन्याला १५,००० त्याच्या डोक्यावर चढत होते, आणि पुढच्या महिन्यापासून त्या १५,००० वरही व्याज. सहा महिन्यांनी कर्ज २० लाख ९१ हजारांच्या वर जातं. आता हप्ता तोच ठेवला तर २४० च्या जागी जवळजवळ २७५ हप्ते भरावे लागतात. सहा थांबवले, एकूण पस्तीस वाढले. फोनवर तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "बँकेने हे सांगायला नको?" त्याने मेसेज पूर्ण वाचला नव्हता. व्याज चालू राहील, हे त्यात लिहिलेलं होतं.

पुढचा मासला ऐका. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांच्या चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक नोव्हेंबर २०२० मध्ये परत दिला. भाच्याच्या हिशेबाने तो येतो १,७०० रुपये. आणि ज्यांनी सहाही महिने हप्ते वेळेवर भरले, त्यांनाही तो फरक मिळालाच.

मग मुभा घ्यायचीच नव्हती का? ज्याची कमाईच थांबली त्याने घ्यायलाच हवी होती, आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला मी स्वतः बँकेत पाठवलं. पण ज्याला थोडं जमतं त्याने निदान व्याजापुरतं भरत राहावं. भाच्याने १५,००० भरत ठेवले असते तर कर्ज एक रुपयाने वाढलं नसतं आणि दरमहा तीन हजार हातात उरले असते. टीव्ही नसता आला, इतकंच.

आणखी एक. हप्ता थांबवून देतो म्हणून फोन करणारा आणि ओटीपी मागणारा माणूस बँकेचा नसतो. नाही म्हणजे नाही.

बाकीच्या, भराभर

भविष्य निर्वाह निधीतून तीन महिन्यांचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं कमी असेल ते काढता येत होतं. परत भरायचं नव्हतं, म्हणून लोकांनी तो बोनस समजला. तो तुमच्याच म्हातारपणाचा पैसा.

भिशी मार्चमध्ये थांबली तर ज्यांनी आधी उचलली आणि ज्यांची उचलायची राहिली त्यांचा हिशेब त्याच दिवशी कागदावर करा. तोंडी ठेवलेल्या भिशीने आमच्याकडे दोन सख्ख्या जावांची बोलचाल बंद झाली, ती अजून बंदच आहे.

विजेचं बिल. रीडिंग घ्यायला माणूस येत नव्हता, म्हणून एप्रिल-मेची बिलं थंडीतल्या वापराच्या सरासरीने आली. कमी आकडा बघून सगळे खूश. जूनमध्ये खऱ्या रीडिंगचं बिल आलं आणि सगळे मोर्चा काढायला तयार. सोलापूरचा उन्हाळा, सगळं घर चोवीस तास घरात, दोन पंखे आणि कूलर. बिल कमी कसं राहील? दर रविवारी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायचा, सरासरीपेक्षा जितका जास्त दिसेल तितके पैसे पाकिटात बाजूला. रीडिंगचा फोटो स्वतः पाठवायची सोयही होती, आमच्या चाळीत ती दोघांनी वापरली.

पंधरा किलो साखर आणि पाच महिन्यांचा चहा एकदम भरू नका. मुंग्यांनाही लॉकडाऊन नव्हता.

नोंदणी वेळेवर न करणं

एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाने नोंदीत कामगारांना २,००० रुपये दिले. नोंदणीचं नूतनीकरण ज्यांनी टाळलं होतं ते बघत राहिले. एक सेंट्रिंगवाला मला म्हणाला, "एक दिवसाचा रोज बुडतो म्हणून गेलो नाही." तरी वर्षभराने तेच.

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले आणि मुख्यमंत्र्यांनी परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, घरकामगार आणि बांधकाम कामगार यांना १,५०० रुपये जाहीर केले. 'परवानाधारक' आणि 'नोंदणीकृत' हे शब्द कुणी ऐकलेच नाहीत. त्याच रात्री साडेनऊला आमच्या गल्लीतला दुसरा एक रिक्षावाला दारात.

"अक्का, पंधराशे कधी येणार?"

"रिक्षा कुणाची?"

"मीच चालवतो की, आठ वर्षं झाली."

"चालवतोस तू. परवाना कुणाच्या नावावर?"

"शेठच्या."

मी वही उघडली होती, पेन्सिल हातात होती. ती तशीच खाली ठेवली आणि त्याला चहा केला.