मुलांच्या लघवीच्या तक्रारी : तपासताना या चुका टाळा

लघवीची तक्रार असलेल्या मुलाला घेऊन पालक येतात, तेव्हा फाइलमध्ये बहुधा लघवीचा एक रिपोर्ट आणि पोटाची सोनोग्राफी असते. मूल दिवसातून किती वेळा शूला जातं, एका वेळी किती होते, पाणी किती पितं, शी कशी होते, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. विचारलं की आई सांगते, "सारखी जाते हो." बाबा म्हणतात, "नाही, तशी ठीक आहे." दोघंही खोटं बोलत नसतात, शाळेतले पाच-सहा तास दोघांपैकी कुणीच पाहिलेले नसतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. तपासण्या आधी आणि निरीक्षण नंतर असा उलटा क्रम लागतो, आणि मग हातातल्या रिपोर्टांचा अर्थही नीट लागत नाही.

मोजल्याशिवाय अंदाज बांधणं

मूल घरी असेल असे दोन सुट्टीचे दिवस निवडा. बाथरूममध्ये एक वही आणि मिलीलीटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग ठेवा. प्रत्येक शू मगमध्ये करायची आणि वेळ व माप वहीत लिहायचं. काय प्यायलं आणि किती, तेही लिहायचं. चड्डी ओली झाली तर कधी, आणि नुसती दमट की बदलावी लागली, हेसुद्धा. शीची नोंद मात्र आठवडाभर ठेवावी लागते, दोन दिवसांत तिचा अंदाज येत नाही.

चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी सोपा हिशेब आहे : वयात १ मिळवा आणि ३० ने गुणा. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात साधारण २१० मिलीलीटर लघवी मावायला हवी. वहीतला दिवसाचा सर्वांत मोठा आकडा याच्याशी ताडून पाहायचा. सकाळची पहिली शू यात धरायची नाही, कारण ती रात्रभर साठलेली असते. दिवसातून चार ते सात वेळा जाणं नेहमीचं समजतात. तीन किंवा त्याहून कमी वेळा आणि दर वेळी मगभर होत असेल, तर मूल दाबून धरतंय. आठ-दहा वेळा, दर वेळी जेमतेम ५०-६० मिलीलीटर आणि मध्येच धावाधाव असेल, तर मूत्राशय भरण्याआधीच आवळतंय. दोन्हींत चड्डी ओलीच होते, पण उपाय एकदम वेगळे. वही नसेल तर हा फरक कोणत्याही मशीनवर इतक्या स्वस्तात कळत नाही.

आणखी एक प्रकार वहीमुळेच पकडता येतो. चांगलं वळण लागलेलं मूल अचानक दर पंधरा-वीस मिनिटांनी शूला जायला लागतं, दर वेळी चमचाभर होते, जळजळ नाही, आणि रात्री मात्र बिनधास्त झोपतं. लघवीची तपासणी आणि रक्तातली साखर ठीक असेल, तर हे बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप थांबतं. अशा मुलांना एकामागून एक अँटिबायोटिक दिलेली दिसतात, त्याचं वाईट वाटतं.

"शी तर रोज होते"

या एका वाक्यावर बद्धकोष्ठाचा विषय संपवला जातो. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग मूत्राशयाच्या अगदी मागे असतो. तो कडक मळाने फुगलेला असला की मूत्राशयाला जागा कमी पडते, ते अवेळी आवळतं आणि पूर्ण रिकामंही होत नाही. मूल रोज थोडीशी शी करत असतानाही आत बरंच साठून राहू शकतं. म्हणून 'होते का' याऐवजी 'कशी होते' हे विचारा. खडे पडतात का, कुंथावं लागतं का, संडास तुंबेल इतकी जाड होते का, चड्डीला पातळ डाग लागतात का. हे डाग म्हणजे आळस नव्हे, साठलेल्या मळाच्या कडेने झिरपणारं पातळ मळ असतं.

दिवसा चड्डी ओली होणं, रात्री गादी ओली होणं, लघवीला पुन्हा पुन्हा संसर्ग होणं, या तिन्हींत आधी बद्धकोष्ठ निस्तरावं. पुष्कळदा त्यानेच निम्मी तक्रार कमी होते. इथेही एक चूक होते : आठवड्यात पोट साफ झालं की औषध बंद. ताणलेल्या आतड्याला पूर्ववत व्हायला महिने लागतात, त्यामुळे डॉक्टर सांगतील तोवर औषध चालू ठेवा.

चाळे समजून रागावणं

खेळता खेळता मूल एकदम टाचेवर बसतं, मांड्या आवळतं, एका पायावर नाचतं. घरच्यांना वाटतं नाटकं करतंय, किंवा खाजवतंय. खरं तर मूत्राशय आवळल्याची कळ आली आहे आणि खालून दाबून ते लघवी अडवतंय. सवय पक्की झाली की पुढे शू करतानाही ते स्नायू पूर्ण सैल सोडत नाही. धार तुटक येते, थोडी लघवी आत राहते आणि संसर्गाला जागा मिळते.

दाबून धरायला मुलं बहुधा शाळेत शिकतात. कडी नसलेलं दार, पाणी नसलेला नळ, मधल्या सुट्टीतली रांग, "आत्ताच तर सुट्टी झाली" म्हणणाऱ्या बाई. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. डब्याबरोबर दिलेली बाटली भरलेली परत आली, तर त्यामागचं कारण विचारा, ओरडू नका. शूला जाऊ न देणं ही शिक्षा होऊच शकत नाही, आणि हे शाळेला स्पष्ट सांगायचा पालकांना पूर्ण हक्क आहे. डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या : मुलाला दर दोन-तीन तासांनी जाऊ द्यावं, कळ आली नसली तरी. घरीही हेच वेळापत्रक ठेवायचं. "शू आली का?" असं विचारू नका, खेळात गुंतलेलं मूल "नाही" म्हणणारच. "वेळ झाली, चल" एवढंच म्हणा.

बसण्याकडेही लक्ष द्या. भारतीय संडासात पाय जमिनीवर टेकलेले असतात, कमोडवर लहान मुलाचे पाय लोंबकळतात आणि ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडत नाहीत. पायाखाली छोटं स्टूल ठेवा. काही मुली शू करून उठतात आणि दहा मिनिटांत चड्डी ओली होते. मूत्राशय ठीक असतं. मांड्या जवळ धरून बसल्यामुळे थोडी लघवी योनीमार्गात जाते आणि उभं राहिल्यावर बाहेर येते. लेगिंग गुडघ्यापर्यंतच ओढली की मांड्या फाकतच नाहीत. ती पूर्ण काढून, पाय लांब ठेवून, किंचित पुढे वाकून बसवलं तर ही तक्रार गोळीविना जाते.

उन्हाळी लागली म्हणून थांबणं

जळजळ झाली की सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, वाळा. पाणी जास्त पोटात जातं हे चांगलंच. पण जोडीला ताप, उलटी किंवा पोटदुखी असेल तर लघवी त्याच दिवशी तपासायला हवी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ताप आहे, सर्दी-खोकला नाही, कारण सापडत नाही, अशा वेळी लघवीचा संसर्ग हमखास आठवायचा. हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला तर तिथे कायमचा व्रण राहू शकतो.

नमुना घेताना जेवढ्या चुका होतात तेवढ्या कुठेच होत नसाव्यात. बाळाला चिकटवलेल्या पिशवीतल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात. त्यातून आलेल्या कल्चरवर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) संसर्गाचं निदान करू नये. पॉटीतली लघवी बाटलीत ओतून देऊ नका. जागा साध्या पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली धार सरळ निर्जंतुक डबीत धरा. तान्ह्या बाळाच्या बेंबीखाली थंड पाण्यात भिजवलेला गॉज गोल गोल फिरवला तर बरीच बाळं काही मिनिटांत शू करतात. बाळ फारच आजारी असेल तर डॉक्टर बारीक नळीने नमुना घेतील, त्याला नकार देऊ नका. डबी तासाभरात लॅबमध्ये पोचवा; जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कल्चरचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी. मागच्या वेळचं उरलेलं सिरप दोन दिवस पाजून मग तपासणी केली, तर रिपोर्ट स्वच्छ येतो आणि खरं काय होतं ते कधीच कळत नाही.

उलट, रिपोर्टमध्ये 'पस सेल्स (पांढऱ्या पेशी) २-४' वाचून घाबरायचंही कारण नाही, तेवढ्या निरोगी मुलातही दिसतात.

भरपूर पाणी पाजून केलेली सोनोग्राफी

सेंटरवर मुलाला बाटलीभर पाणी प्यायला लावतात, नंबर येईपर्यंत तासभर अडवून ठेवतात, मग घाईने शू करायला पाठवतात आणि शिल्लक लघवी मोजतात. असं तट्ट भरलेलं मूत्राशय निरोगी मुलाचंही पूर्ण रिकामं होत नाही. रिपोर्टमध्ये 'रेसिड्युअल युरिन' वाढलेली दिसते आणि घरात चिंता सुरू होते. नेहमीइतकी कळ आली की शू करायला पाठवून पाच मिनिटांच्या आत मोजायला सांगा, आणि आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजायला सांगा. चार ते सहा वर्षांच्या मुलात दुसऱ्यांदाही २० मिलीलीटरपेक्षा जास्त उरली, तर त्याला अर्थ आहे. युरोफ्लोमेट्रीचंही, म्हणजे धारेचा वेग मोजणाऱ्या तपासणीचंही, तसंच. अनोळखी खोलीत, मशीनवर, दाराबाहेर माणसं उभी असताना काढलेल्या एका आलेखावर निर्णय नको. नळी घालून कराव्या लागणाऱ्या तपासण्या प्रत्येक ओल्या चड्डीसाठी नसतात. त्या का हव्यात, हे विचारून घ्या.

रात्रीची गादी

पाच वर्षांच्या आत याला आजार म्हणत नाहीत. पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के मुलं रात्री अंथरूण ओलं करतात आणि दर वर्षी त्यांतली १५ टक्क्यांच्या आसपास आपोआप कोरडी होतात. आई किंवा वडिलांना लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते, म्हणून आजीला जरूर विचारा. झोपेत घडलेल्या गोष्टीसाठी मारणं, पाहुण्यांसमोर सांगणं, भावंडांना चिडवू देणं, यांनी काहीही सुधारत नाही. मूल फक्त मिटत जातं. दिवसभर पाणी तोडणंही चूक. सकाळ-दुपार भरपूर द्या, झोपण्याआधीचे एक-दोन तास कमी करा.

चड्डी ओली होताच वाजणाऱ्या अलार्मचा उपाय चांगला आहे, पण त्याला दोन-तीन महिने लागतात आणि सुरुवातीला आईबाबांनाच उठून मुलाला पूर्ण जागं करावं लागतं. चार दिवसांत 'उपयोग नाही' म्हणू नका. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून डेस्मोप्रेसिनची गोळी दिली असेल तर ती घेण्याआधी एक तास आणि नंतर आठ तास पाणी जवळपास बंद हवं. नाही तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. जुलाब-उलट्या चालू असतील त्या रात्री ती द्यायचीच नाही.

वाट पाहू नये अशा गोष्टी

मुलग्याची धार डोळ्यांनी एकदा बघा. बारीक, थेंब थेंब, जोर करून येणारी धार असेल तर मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो. ही मूत्रपिंडं वाचवण्याची घाई आहे. लहान मुलग्याच्या शिश्नाच्या टोकाची त्वचा मागे सरकत नाही म्हणून जोर लावून ओढू नका. ती वयानुसार सुटते, ओढल्याने चिरा पडून व्रण होतात. मुलगी वेळेवर शूला जाते आणि तरीही चोवीस तास थेंब गळतच असतात, तर मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) चुकीच्या जागी उघडत असेल. तिला वळण लावत बसू नका. कमरेवर केसांचा पुंजका, खळगा किंवा गाठ दिसते का, चालण्यात फरक पडलाय का, हे पाहा, कारण मूत्राशयाच्या नसा मणक्यातून येतात. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला हे दाखवता येतं; पुढच्या तपासणीसाठी ते जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात.

आणि सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा गादी ओली करू लागलं, सारखं पाणी मागतंय, वजन उतरतंय, तर आधी मधुमेह नाही ना ते बघायचं. 'उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त देऊ' म्हणून रात्र काढू नका. बोटातल्या थेंबावर साखर त्याच क्षणी कळते, मूल जेवलेलं असलं तरी.