लगाम घेताय? चामड्याआधी बक्कल आणि हुक बघा

पुण्यात शनिवार-रविवार रायडिंगला जाणारे आता बरेच झालेत, थोडं जमायला लागलं की स्वतःचा लगाम घ्यावासा वाटतो आणि मग चामडं मऊ आहे ना, रंग खोगिराला मॅच होतो ना एवढंच बघितलं जातं. मीही तेच केलं होतं. पावसाळ्यात ट्रॉट (दुडकी चाल) करताना लगाम जोडणारा डाव्या बाजूचा क्लिप सुटला, हातात फक्त उजवा लगाम राहिला, त्यानेच हळूहळू गोल फिरवत घोडी थांबवली, ती शांत स्वभावाची म्हणून निभावलं. नंतर बघितलं तर क्लिप वरून चकचकीत, पण आतली स्प्रिंग गंजून गेलेली.

म्हणून पहिलं सांगणं, बिटला (घोड्याच्या तोंडातल्या धातूच्या दांडीला) लगाम जोडायला क्लिप घेऊच नका. लावा-काढायला सोपा असतो खरा, पण सगळा भरवसा एका बारीक स्प्रिंगवर, आणि बोहरी आळीत कुत्र्याच्या साखळीसाठी मिळतो तो हुक तर अजिबात नको. बक्कल किंवा हुक-स्टड (लगामाच्या पट्ट्यावर बसवलेला छोटा हुक, त्यात चामड्याचं भोक अडकवतात) घ्या. हुक-स्टडमध्ये चामड्याच्या भोकातून हुक घालताना अंगठ्याने जोर लावावा लागला पाहिजे, सहज सरकला तर भोक सैल झालंय. बक्कलचा काटा सरळ हवा, फ्रेमवर नीट टेकलेला हवा, बाजूला हलवून बघा. कडी असेल तर वेल्डिंग केलेली घ्या, नुसती वाकवून टोकं जुळवलेली कडी ओढ बसली की उघडते.

धातू स्टेनलेस स्टील नाहीतर भरीव पितळ. स्वस्तात मिळतं ते बऱ्याचदा जस्ताचं ओतकाम आणि वर क्रोमचं पॉलिश, ते वाकत नाही, एकदम तुटतं. खिशात लोहचुंबक ठेवा, पितळ म्हणून दिलेल्या बक्कलला तो चिकटला तर आत लोखंड आहे. पण जस्तालाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका, कडेला ओतकामाची रेघ, बारीक छिद्रं, पॉलिश उडून दिसणारा करडा रंग हेही बघा.

मार्टिंगेल (घोड्याच्या छातीवरून येणारा पट्टा, ज्याच्या टोकाच्या कड्यांतून लगाम जातो) लावत असाल तर लगामावर कडी अडवणारे स्टॉपर हवेतच, नाहीतर त्याची कडी पुढे सरकून बिटजवळच्या बक्कलमध्ये अडकते आणि घोडा घाबरतो.

आपल्याकडच्या पावसात घाम, चिखल, ओल सगळं एकत्र येतं, म्हणून राइड झाली की ओल्या फडक्याने पुसून मग कोरडं करा, बक्कल उघडून आतला भागही. तिथेच चामडं दुमडलेलं असतं आणि आधी तिथेच चिरतं. शिलाई मेणाच्या दोऱ्याची घट्ट हवी, एक टाका जरी उसवलेला दिसला तरी त्या दिवशी क्लबचा लगाम मागून घ्या.