एक डिस्क घरात, एक परगावी: कोकणातल्या कॉम्प्युटरचा बॅकअप

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पुरात कॉम्प्युटर टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून कॉम्प्युटरशिवाय आणखी दोन प्रती हव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावात.

दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, तुमच्या फाइल्सच्या निदान दुप्पट जागेच्या. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ती खराब नसते, मोजण्याची पद्धत वेगळी असते. महिनोन् महिने बंद राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, नको. वीज न मिळता, त्यातून उकाड्यात, तिच्यातला डेटा हळूहळू उडू शकतो.

डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्ट्री (विंडोजमधलीच बॅकअपची सोय) उघडा, डिस्क निवडून ‘टर्न ऑन’ करा. इथे बहुतेकांची चूक होते: फाइल हिस्ट्री फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांची प्रत घेते. सातबारा, फेरफार, बागेचे हिशेब डी ड्राइव्हवर असतील तर ते सुटतात आणि तसा इशाराही मिळत नाही. त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ करा. दर रविवारी डिस्क जोडायची, ‘रन नाऊ’ दाबायचं, काम संपलं की ‘इजेक्ट’ करून काढायची. कायम जोडलेली ठेवलीत तर रॅन्समवेअर (फाइल्स अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) तिच्यावरच्या फाइल्सही कुलूपबंद करतं, आणि वळवाच्या पावसात वीज पडली तर कॉम्प्युटरबरोबर तीही जळू शकते. यूपीएसवर विसंबू नका. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, राउटरची केबलही.

खाऱ्या हवेत यूएसबीची पिन गंजते. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. माळ्यावर ठेवू नका, कौलं तापतात आणि गळतातही. कपाटाचा वरचा कप्पा बरा.

दुसरी डिस्क मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी येतातच, तेव्हा अदलाबदल करा: घरातली ताजी डिस्क त्यांच्यासोबत द्या, त्यांनी आणलेली फाइल हिस्ट्रीत निवडून नवी प्रत घ्या. त्या दिवसांत दोन्ही डिस्क घरात असतात, निदान एका कपाटात ठेवू नका. बाहेर जाणारी डिस्क पासवर्डने एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी हवी, आणि पासवर्डचा कागद डिस्कसोबत कधीच द्यायचा नाही.

शिमगा ते गणपती मध्ये सगळा पावसाळा जातो. तेवढ्या काळासाठी महत्त्वाची कागदपत्रं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात चढवा. गूगलच्या मोफत १५ जीबीत ती सहज मावतात. सगळे फोटो चढवायचा अट्टहास नको: १० एमबीपीएस अपलोडला १०० जीबी चढायला न थांबता साधारण २२ तास लागतात. आणि निव्वळ सिंकला, म्हणजे कॉम्प्युटर आणि क्लाउडवरच्या फाइल्स आपोआप सारख्या ठेवण्याला, बॅकअप समजू नका. इथे फाइल खोडली की तिथलीही खोडली जाते, आणि गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवसच राहते.

मे महिन्यात पाऊस लागण्याआधी एकदा तपासा. डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला जोडा आणि वेगवेगळ्या फोल्डरांतल्या दहा फाइल्स उघडा. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही. फोटो पूर्ण उमटला पाहिजे, पीडीएफचं शेवटचं पान दिसलं पाहिजे. एकही फाइल अडली किंवा डिस्क टकटक करायला लागली, तर तिच्यावर आणखी काही लिहू नका. त्याच दिवशी नवी डिस्क आणून मूळ कॉम्प्युटरवरून पूर्ण प्रत घ्या.