मांजर घरात ठेवायचं की बाहेर सोडायचं? बडोद्यात राहून हे कसं ठरवावं

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात मांजर कोणी पाळत नसे, ते असायचंच. माळ्यावरून कौलांवर, कौलांवरून शेजारच्यांच्या अगाशीत, आणि दुपारची जेवणं झाली की दूध-पोळीच्या वाटीपाशी हजर. मग वाडा सुटला, दिवाळीच्या सुमारास आम्ही मांजलपूरला चौथ्या मजल्यावर राहायला आलो आणि बुंदीही आमच्याबरोबर आली. पहिले आठ दिवस ती दाराशी बसून रडली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मांजर का कोंडून ठेवायचा प्राणी आहे? सोड तिला, फिरून येईल." मी सोडलं. ती रोज फिरून यायचीही.

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाच्या, संध्याकाळी मात्र ती तीन पायांवर आली. मागच्या पायाला मांजा गुंडाळला होता. केसांत तो दिसतच नव्हता. बोट फिरवलं तेव्हा हाताला लागला, आणि तोवर कातडीत रुतला होता. एक टोक ओढलं की दुसरा वेढा आवळायचा. शेवटी डॉक्टरांनी गुंगी देऊन एकेक वेढा कापून काढला.

आज घरात तीन मांजरं आहेत आणि ओळखीतलं कोणी पिलू आणलं की हाच प्रश्न मला विचारतात. एकच उत्तर सगळ्या घरांना लागू पडत नाही. पण विचार कोणत्या क्रमाने करायचा, ते सांगता येतं.

पहिली पायरी: मांजर ओळखा

पिलू दोन-तीन महिन्यांचं असेल आणि त्याने बाहेरचं जग पाहिलंच नसेल, तर निर्णय सोपा आहे: त्याला घरातच वाढवा. जे चाखलं नाही त्याची ओढ फारशी लागत नाही. रस्त्यावर तीन-चार वर्षं काढलेला बोका मात्र एका रात्रीत घरकोंबडा होणार नाही. त्याच्यासाठी वेगळी वाट आहे, ती पुढे सांगते.

काही मांजरांच्या बाबतीत मात्र विचारच करू नका, दार बंद ठेवा. लांब केसांची पर्शियन मांजरं आपल्या उन्हाळ्यात आणि धुळीत टिकत नाहीत. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांतली बरीचशी जन्मतः बहिरी असतात. मागून येणारी स्कूटर त्यांना ऐकूच येत नाही. पाठीमागे उभं राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवा, कान हलतात का बघा.

दुसरी पायरी: गल्ली दोनदा फिरून या

एकदा रात्री अकराला आणि एकदा पहाटे सहाला. मांजर सर्वांत जास्त हिंडतं ते झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला, त्यामुळे दुपारी तीनला शांत दिसणारी गल्ली बघून काही ठरवू नका. कुत्र्यांची टोळी कुठे बसते, रस्ता किती भरधाव आहे, एखादी उघडी टाकी किंवा बांधकामाचा खड्डा आहे का, हे बघा. मग तळमजल्यावरच्या दुकानदारांना सरळ विचारा की उंदरांसाठी काय ठेवता. उंदराच्या औषधाच्या वड्या मांजर सहसा खात नाही, पण वडी खाल्लेला, सुस्तावलेला उंदीर ते आधी पकडतं. यातल्या पुष्कळशा औषधांमुळे रक्त गोठणं थांबतं आणि त्याची लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं. तेव्हा वाट न बघता डॉक्टर गाठायचे. वेळेत 'के' जीवनसत्त्वाचे उपचार सुरू झाले तर मांजर वाचतं.

शेजारी कसे आहेत, हेही याच फेरीत कळतं. ज्यांच्या तुळशीच्या कुंडीत तुमचं मांजर घाण करणार आहे, त्यांचं म्हणणं आधीच ऐकून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. रावपुरा, मांडवीसारख्या दाटीच्या वस्तीत किंवा मोठ्या रस्त्यालगतच्या सोसायटीत मांजर मोकळं सोडू नये. शहराच्या कडेला कंपाऊंडचा बंगला असेल, शेजार समंजस असेल, तरच पुढचा विचार करा.

तिसरी पायरी: निर्णय काहीही असो, नसबंदी आणि लशी आधी

मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. "अजून लहान आहे" म्हणता म्हणता घरात पाच पिलं होतात, आणि मग ती कोणाला द्यायची म्हणून फोन सुरू होतात. पाच-सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करून घ्या. बोक्याचीही करा. नसबंदी झालेला बोका कमी भटकतो आणि कमी भांडतो. भांडणातल्या चाव्याचं गळू होतं हे तर आहेच, शिवाय एफआयव्ही नावाचा विषाणू मुख्यतः अशाच चाव्यांतून पसरतो. तो माणसाला लागत नाही, पण मांजराची प्रतिकारशक्ती पोखरतो.

घरातल्या मांजराला लस कशाला, असं बरेच जण म्हणतात. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू घराच्या कानाकोपऱ्यात वर्षभरही टिकतो आणि चपलेला लागून आत येतो. पिलं त्याने दोन दिवसांत जातात. सहा ते आठ आठवड्यांचं पिलू झालं की लस सुरू करायची, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि एक वर्षाने बूस्टर. मांजराने चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद लावून थांबू नका.

चौथी पायरी: घरात ठेवायचं ठरलं तर बाहेरचं काय काय आत आणायचं

इथेच बहुतेकांचं चुकतं. माझंही चुकलं होतं. सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं होतं: नुसतं दार बंद केलं तर ते कोंडणंच होतं.

सर्वांत आधी जेवण. वाड्यातली मांजरं दूध-पोळीवर जगत नव्हती. ती उंदीर, पाली, चिमण्यांवर जगत होती, दूध-पोळी हा वरचा खाऊ होता. मांजर पक्का मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं की हृदय दुबळं होतं आणि डोळे जातात. दार बंद केलंत की शिकार बंद, आणि समोर उरते ती दूध-पोळी. दूधही बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, पोट बिघडतं. आमच्या घरात अंडंही शिजत नाही. त्यामुळे मांजरांचं तयार कोरडं खाणं, त्यांच्या वेगळ्या ताटल्या आणि धुण्याची वेगळी घासणी, अशी आमची व्यवस्था आहे. सासूबाईंनीच ती लावून दिली. कोरडं खाणाऱ्या मांजराला पाणी भरपूर लागतं. दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब, पसरट वाडग्यात ठेवा. बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेते.

मग शी-शूचा ट्रे. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. बाहेरच्या सवयीचं मांजर दुकानातल्या लिटरकडे, म्हणजे ट्रेमध्ये घालायच्या तयार खड्यांकडे, ढुंकूनही बघत नाही. बुंदीला मी आधी खालच्या बागेतली मातीच ट्रेमध्ये घालून दिली, आणि दर दोन दिवसांनी एक ओंजळ माती काढून एक ओंजळ लिटर घातलं. तीन आठवडे लागले. ट्रे रोज साफ करा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. टॉक्सोप्लाझ्मा या, गर्भाला धोका पोचवणाऱ्या परजीवीची अंडी विष्ठेत पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस घेतात, म्हणून रोजच्या सफाईला इतकं महत्त्व.

गॅलरीसाठी कबुतरांची नायलॉनची जाळी पुरेशी नाही. मांजर तिच्यावर चढतं, लोंबकळतं आणि दातांनी ती कुरतडतं. स्टीलची जाळी बसवा. बसवल्यावर जमिनीवर मांजराच्या उंचीला पोट टेकवून झोपा आणि तिथून बघा. उभ्याने न दिसलेली फट तेव्हा दिसते. डोकं गेलं की अंगही जातं, हा हिशेब लक्षात ठेवा.

उंची द्या. लोखंडी कपाटाच्या माथ्यावर जुनी गोधडी घातली, आणि तिथवर जायला मध्ये एक फळी ठोकली, की झालं. टेबलाच्या पायाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, सोफा वाचेल. घटस्थापनेला पेरतो तसे गहू कुंडीत पेरा. हिरवं कोवळं गवत मांजराला चघळायला लागतं.

शिकारीची भूक खेळून भागवा. काठीला दोरी, दोरीला पीस. दहा मिनिटं संध्याकाळी, दहा मिनिटं झोपण्याआधी, आणि खेळ संपला की लगेच जेवण. शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप, हा त्याचा स्वाभाविक क्रम आहे. तो पाळलात तर पहाटेचं ओरडणं कमी होतं. ओरडलं म्हणून एकदा जरी दार उघडलंत, तर ओरडल्याने दार उघडतं एवढंच ते शिकेल.

घरातले धोकेही असतात. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं, आणि त्यातली विषारी द्रव्यं त्याच्या यकृताला नीट निष्प्रभ करून बाहेर टाकता येत नाहीत. डांबराच्या गोळ्या, लिलीची फुलं, कांदा-लसूण दूर ठेवा. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराला मारू शकते. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला कधीही लावू नका.

पाचवी पायरी: सोडायचंच असेल तर

दिवसा सोडा, रात्री नाही. सूर्य मावळायच्या आत जेवणाची वेळ बांधून टाका, डबा वाजवला की यायची सवय लावा, आणि आत आलं की सकाळी ऊन वर येईपर्यंत दार बंद. रस्त्यावरून आलेल्या बोक्यासाठी मी म्हटली ती वाट हीच. पहिले तीन-चार आठवडे त्याला पूर्ण घरात ठेवा, म्हणजे हे आपलं घर असं त्याच्या डोक्यात बसेल. मग उपाशीपोटी, तुमच्या देखत, पंधरा मिनिटं.

पट्टा घालायचा तर ताण आला की आपोआप सुटणारा घाला, नाहीतर फांदीला अडकून फास बसतो. त्यावर तुमचा फोन नंबर लिहा. घुंगरू बांधल्याने पक्षी सगळे वाचत नाहीत. बुलबुलाच्या घरट्यातली पिलं घुंगरू ऐकून उडणार कुठे? एप्रिल ते पावसाळा हा घरट्यांचा हंगाम, तेवढे महिने तरी पहाटे सोडू नका.

अगाशीत फिरवायचं असेल तर अंगात घालायचा हार्नेस आणि दोरी, ही मला सर्वांत आवडलेली सोय. आठवडाभर घरातच सवय करा. बांधून ठेवून खाली मात्र जायचं नाही. आणि मे महिन्यात अगाशीच्या फरशीवर आधी स्वतःचा तळहात टेकवून बघा.

सहावी पायरी: हे दिवस दार बंदच

उत्तरायणाच्या आधीच्या आठवड्यापासून नंतरच्या आठवड्यापर्यंत एकही मांजर बाहेर जाता कामा नये. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, पण काचेचा साधा सुती मांजाही कापतोच आणि तारांवर, झाडांवर महिनाभर लोंबत राहतो. अगाशीत पडलेले तुकडे गोळा करून कापून टाका. मांजर दोरा गिळतं आणि तो आतड्यात अडकतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. जखमी पक्षी किंवा प्राणी दिसला तर गुजरातेत 1962 हा नंबर लागतो.

दिवाळीचे पाच दिवस आतल्या खोलीत, पलंगाखाली जागा करून द्या आणि पंखा मोठा चालू ठेवा.

आणि पूर. 2019 च्या जुलैअखेर आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं, आणि पाण्याबरोबर मगरीही. पाणी वाढायला लागलं की मांजर शोधत फिरायला वेळ मिळत नाही. म्हणून त्याची टोपली किंवा कॅरियर एरवीही घरात उघडीच ठेवा, आत जुनी साडी घाला. रोज त्यात झोपणारं मांजर घाईच्या वेळी झटापट न करता आत बसतं.

हरवलं तर

लांब जाऊ नका. घाबरलेलं मांजर जवळच दडून बसतं आणि हाकेला ओ देत नाही. वर्दळ थांबल्यावर, रात्री एक-दोनच्या पुढे, टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरून गाड्यांखाली, जिन्याखाली, टाक्यांमागे प्रकाश टाका, डोळे चमकतात. सापडलं की धावत जाऊ नका, खाली बसा आणि डबा वाजवा. बुंदी एकदा दोन दिवस बेपत्ता होती. मी तिला पार तरसालीपर्यंत शोधून आले. ती आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या विजेच्या मीटरांमागे बसली होती.