रोज दहा मिनिटं आनापान

आनापान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं लक्ष ठेवण्याचं ध्यान. ध्यानाला नव्यानं बसणाऱ्यांचं बरेचदा आधी गुडघ्यांपाशीच अडतं, म्हणून बैठक नीट लावून घ्या. सतरंजीवर घोंगडी किंवा जाड चादर घडी घालून तीन-चार इंच उंची करा आणि तिच्या पुढच्या कडेवर साधी मांडी घालून बसा. कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहिली की पाठ फारसा जोर न लावता ताठ राहते. पद्मासन मुळीच लागत नाही. मांडी जमत नसेल तर खुर्ची घ्या. तळवे जमिनीला टेकवा, पाठ मात्र टेकवू नका.

वेळ रोजची ठरलेली हवी. दात घासल्यावर, चहाच्या आधी बसणं सोपं जातं. जेवून लगेच बसलात तर पेंग येते. मोबाईलवर १० मिनिटांचा गजर लावून तो हाताला लागणार नाही इतका लांब ठेवा.

डोळे आणि तोंड मिटा. नाकपुड्यांची कड आणि वरच्या ओठावरची एवढीशी जागा, लक्ष तिथेच. आत येणारा श्वास किंचित गार लागतो, बाहेर जाणारा कोमट. काहीच जाणवत नसेल तर चार-पाच श्वास मुद्दाम थोडे जोरात घ्या. स्पर्श कळला की श्वासाला त्याच्या चालीनं जाऊ द्या. हा प्राणायाम नव्हे. श्वास ओढून लांबवत राहिलात तर गरगरायला लागतं.

मन पळणारच. गॅस बंद केला का, काल ती असं का बोलली... लक्षात आलं की न चिडता नाकाशी परत या. दहा मिनिटांत पन्नासदा परतलात, तर पन्नासदा सराव झाला. ‘माझे विचारच थांबत नाहीत’ म्हणून सोडून देणाऱ्यांचं फार वाईट वाटतं, कारण ते बरोबरच करत असतात. अगदीच सुटत असेल तर श्वास सोडताना एक ते दहा मोजा. चुकलं की पुन्हा एकपासून.

पायाला मुंग्या आल्या म्हणजे नस दबली आहे. पाय हलकेच बदला, उद्या घडी वाढवा. डोकं जड झालं तर भुवया आवळल्यात का पाहा. नाक चोंदलं असेल तर पोटाची हालचाल पाहा. जीव घाबरा झाला तर डोळे उघडून उठा. वारंवार होत असेल तर डॉक्टरांशी बोला.

दोन आठवड्यांनी पंधरा मिनिटं, महिन्यानं वीस. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका. पुढे शिकायचं असेल तर इगतपुरीच्या धम्मगिरीवर १० दिवसांची विपश्यना शिबिरं होतात. सुरुवातीचे तीन दिवस हेच आनापान असतं आणि शुल्क घेत नाहीत. मात्र तिथे दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं असतं, तेव्हा घरी वीस मिनिटं अंगवळणी पडल्यावर अर्ज भरलेला बरा.