किती पाऊस आला की ड्रम भरतो? घरच्या घरी करायचा हिशोब

अंगणात २०० लिटरचा निळा ड्रम ठेवला, पन्हाळीचा पाइप त्यात सोडला, आता किती पाऊस आला की तो भरेल हे काढायचंय ना, तर आधी एवढं लक्षात ठेवा की १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपण घरं फुटात मोजतो, म्हणून १०० चौरस फुटाला १ मिमीमागे ९.३ लिटर धरा.

आमचं मागचं टिनाचं शेड १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. टेप खाली जमिनीवर लावायचा, टिनाच्या उतारावर नाही, कारण टिन तिरपं असलं तरी त्याच्याखाली जेवढी जमीन झाकली तेवढाच पाऊस ते झेलतं. १२० फुटाचे १ मिमीला ११ लिटर होतात, त्यातलं थोडं उडतं, थोडं तापल्या टिनावरच वाळतं, म्हणून १० धरायचे. २०० भागिले १०, म्हणजे २० मिमी. स्लॅब असेल तर साधारण पाचवा हिस्सा वजा करा, तो पाणी पितो.

पण स्लॅबवाल्यांची खरी चूक वेगळीच होते, पूर्ण गच्चीचं माप धरतात. गच्ची १००० फुटाची असली आणि पाइप चार असले तर तुमच्या ड्रमच्या पाइपाला कदाचित २५० फुटांचंच पाणी येतं, तेही चारही कोपऱ्यांना सारखा उतार असेल तर. एक बादली पाणी गच्चीवर मधोमध ओता आणि कुठं पळतं ते बघा, मग पुढं पुढं सरकत ओतत जा, दहा मिनिटांत कळतं कोणता भाग कोणत्या पाइपाचा. २५० फुटाचे १ मिमीला २३ लिटर, स्लॅबचा पाचवा हिस्सा वजा केला की साडेअठरा, म्हणजे ११ मिमीत ड्रम भरला.

आता पाऊस किती पडला हे कुठून कळणार? पेपरमधला नागपूरचा आकडा सोनेगावचा, विमानतळाकडचा असतो आणि आम्ही राहतो नंदनवनला. मागं एकदा पेपरात पंचवीसेक मिमी आलं आणि आमचा ड्रम जेमतेम अर्धा, मी पाइप खोलून पाहिला, कडुनिंबाची चार पानं सोडली तर काहीच अडकलेलं नव्हतं, आमच्याकडे पाऊसच तेवढा झाला नव्हता. तेव्हापासून मी उभ्या भिंतीचा स्टीलचा डबा मोकळ्या जागी ठेवते, झाडाखाली नाही, भिंतीलगत नाही, आणि सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिमी वाचते, हवामान खात्याची वेळही तीच आहे. डबा लहान असो की मोठा, उंची तीच येते, फक्त बादली नको कारण ती वर रुंद असते.

उन्हाळ्याची धूळ आणि पाखरांची घाण टिनावर साचलेली असते, म्हणून पहिल्या पावसाचे १-२ मिमी बाहेर जाऊ द्या आणि तेवढे हिशोबात वाढवा. नळ तळापासून वर बसवला असेल तर त्याखालचं पाणी हाती येत नाही, आमच्या ड्रमात प्रत्येक सेंटीमीटरला अडीच लिटर आहे, म्हणजे ६ सेंटीमीटरवर नळ लावला की १५ लिटर तिथंच अडकलं. आणि भरलेला ड्रम २०० किलोचा होतो, दोन विटांवर डुगडुगता ठेवू नका, पक्का ओटा करा, तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधा, डेंगूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

नागपुरात एकट्या जुलैत सरासरी ३०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एवढ्याशा शेडवरून ३००० लिटर, पंधरा ड्रम! म्हणून वरच्या कडेला ओव्हरफ्लोचा पाइप लावाच, आमचा लिंबाच्या आळ्यात सोडलाय.